अक्कांची कोरियन मालिका

कुंभकोणमला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. मी त्यांना अक्का म्हणते. दुपारी कॉफी घेऊन त्या तमिळमध्ये डब केलेली कोरियन मालिका बघतात. तिच्यात शेकडो माणसं जीवघेणे खेळ खेळतात आणि एकेक करून मरतात. बाहेर सदा तमिळ बोलणाऱ्या अक्का त्या खेळाडूंना मात्र घरच्या मराठीत विनवतात, "नको जाऊ रे तिकडे!"

काल शेवटचा भाग सुरू होताच त्यांनी रिमोट उचलला आणि पुन्हा पहिला भाग लावला.

"अक्का, शेवट नाही बघायचा?"

"एकदा बघितला गं. एकटाच उरतो. पहिल्या भागात सगळी असतात."

मी घरी जायला उठले होते. परत खाली बसले.