त्यांच्या संपात आमचा झाडू

सिस्टरनं माझ्या डोक्यावरची टोपी ओढली, तेव्हा टोपीबरोबर पदरही खाली आला.

तहसीलसमोरचा मांडव. भरदुपार. पुढे मास्तर बसलेले, ग्रामसेवक, तलाठी, कचेऱ्यांमधले क्लार्क. आमच्या दवाखान्याच्या नर्सबाया एका बाजूला, त्यांच्यात सिस्टर. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या आणि टोप्यांवर लिहिलेलं, जुनी पेन्शन लागू करा. एक नवा क्लार्क टोप्या वाटत आमच्या रांगेपर्यंत आला होता. त्यानं मलाही दिली. मी पदर नीट घेतला आणि पदरावर टोपी ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून केसातल्या पिनेनं अडकवली. पदर त्यामुळं गेला.

"मावशी, ही टोपी तुमच्यासाठी नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही ठेकेदाराची माणसं. फोटोवाले येऊन राहिलेत. उद्या पेपरात येईल, झाडूवाल्या बी पेन्शन मागून राहिल्या. आमची मागणी हासण्यावारी जाईल. मागं व्हा बरं तुम्ही. पाण्याचं बघा."

कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतले दोन मास्तर मान वळवून बघत होते. लग्न झाल्यापासून परक्या पुरुषासमोर माझं डोकं उघडं पडलं नव्हतं. वॉर्ड पुसताना वाकायचे तेव्हाही पदर कानामागं खोचलेला असायचा. आता माझे पिकलेले केस, कपाळावरचा घाम, सगळं मांडवानं बघितलं. मी काही बोलले नाही. मला बोलता येत नाही. चारजण बघायला लागले की माझा आवाज बसतो. म्हणून तर हे लिहून ठेवते आहे.

मी उठले. मागं गेले. आणि पाणी वाटलं.

त्या साली दुष्काळ होता. नळ कधीचे बंद. दवाखान्याला टँकर येई, मांडवाला विकतचे जार. मी एकेकाला पेला भरून देत होते आणि ते माझ्याकडं न बघता घेत होते. सिस्टरनंही घेतला. "थंड हाय का?" तेवढंच विचारलं.

मी चौथी शिकले. माहेर रेणापूरच्या बाजूला. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हाही दुष्काळच होता. लग्न होऊन या तालुक्याच्या गावी आले. मालक दाळमिलमध्ये हमाल. पोती उचलून त्यांचे गुडघे गेले, तेव्हा मिलनं त्यांना घरी बसवलं. मग मी सरकारी दवाखान्यात झाडायला लागले. लोकांना वाटायचं, बाईला सरकारी नोकरी लागली. दवाखाना सरकारी होता. मी ठेकेदाराची होते. ठेकेदार बदलत गेले, आम्ही बायका त्याच राहिलो. वॉर्ड तेच, फरशी तीच. पण प्रत्येक नव्या ठेकेदाराच्या लेखी आम्ही कालच आलेल्या. त्यामुळं आमची नोकरी कधी जुनी झालीच नाही.

सिस्टर वाईट बाई नव्हत्या. हे मुद्दाम लिहिते. बाळंतपणाच्या वॉर्डात त्या आणि मी एकत्र राबलो. बाळ पोटात आडवं असलं की त्या माझा हात घट्ट धरायच्या. एकदा दुपारी वॉर्ड रिकामा होता, तेव्हा चहा घेता घेता म्हणाल्या, "मावशी, माझ्या आईला बाबांची पेन्शन येते. म्हणून भावजय तिला गरम भाकर वाढते. मी नोकरीला लागले तवर जुनी पेन्शन बंद झालेली. म्हातारपणी मी कुणाच्या दारात उभी राहू?"

त्यांची भीती खरी होती. माझीही तीच होती. माझ्या भीतीला कुणी मांडव घातला नव्हता, इतकाच फरक.

संपाच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा कंत्राटी बायकांना दवाखान्यामागं लिंबाखाली बोलावलं. म्हणाल्या, "उद्यापासून झाडू ठेवा. क्लार्क न्हाई आला तर कुणाला कळत न्हाई. तुम्ही न्हाई आल्या तर दुपारपर्यंत कळतं. तुमच्याशिवाय आमचा संप दिसायचा न्हाई."

कोंडाबाई आमच्यात वयानं मोठी. तिनं विचारलं, "आन् आमचं काय, सिस्टर?"

"आज आमचं, उद्या तुमचं. आता नवा जिल्हा होऊन राहिलाय. दवाखाना जिल्ह्याचा होईल. जागा निघतील. पयल्यांदा तुमचीच नावं देणार. मी बोलले हाय."

नव्या जिल्ह्याचं तेव्हा सगळीकडं चाललेलं. हॉटेलात, पिठाच्या गिरणीत, आठवडी बाजारात. कुणी म्हणायचं झालाच, कुणी म्हणायचं निवडणुकीपुरतं. आम्हा बायकांना मात्र तो जिल्हा म्हणजे आमच्या नावाची ऑर्डर वाटायचा. परत येताना कोंडाबाई म्हणाली, "जिल्हा झाला की म्या कलेक्टरीन व्हते. तू माझ्या गाडीम्होरं झाडत चल."

"झाडू सरकारी देशील का ठेकेदाराचा?" मी विचारलं. सगळ्या हसल्या.

संध्याकाळी ठेकेदाराचा मुकादम दारात आला. बसला नाही. "उद्या जी येणार न्हाई, ती परवा बी येऊ नगं," म्हणाला आणि गेला.

मालक बाजेवर बसून ऐकत होते. गुडघ्याला तेल चोळत म्हणाले, "ते त्यायच्या पेन्शनीसाठी बसून राहिले. तू कशापायी बसतीस?"

"सिस्टर म्हणल्या, आज त्यांचं, उद्या आमचं."

"उद्या." ते हसले. "जिंदगीभर पोती वाहिली म्या. मला कोन पेन्शन दिली? त्यायची बी बंद झाली पायजे. समद्यायची. मंग कळंल, फुकट बसून खानं काय असतंय."

गावात सगळे असंच बोलत होते. आडतीवरचे हमाल, मिलमधले कामगार, दुकानात कामाला असणारी पोरं. मांडवाजवळून जाताना सायकलवरून ओरडायचे, "आमच्या पैशावर पेन्शन खा." आणि मांडवातून कुणीतरी ओरडायचं, "शिकला असतास तर तुला बी मिळाली असती."

मी मालकांना उलटून कधी बोलत नाही. त्या दिवशी तोंडातून गेलं, "त्यांची बंद झाल्यावर तुमची सुरू व्हती का?"

ते म्हणाले, "च्या टाक."

मी चहा टाकला. पण प्रश्न माझ्याच डोक्यात राहिला. मिलमालकाकडं काही मागायची यांची छाती झाली नाही, म्हणून यांचा सगळा राग शेजारच्या मास्तराच्या पेन्शनीवर. आणि मास्तराला वाटतं, हमालाला नाही म्हणजे हमाल अडाणी म्हणून नाही. दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. ज्यांनी द्यायचं ते मजेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही झाडू ठेवला.

सिस्टरचं खरं झालं. क्लार्कांचे टेबल ओस पडले, तरी कुणी विचारलं नाही. पण दुपारी वॉर्डात वास सुटला. दुसऱ्या दिवशी बाळंतिणी नाकाला पदर लावून पडल्या होत्या. कोंडाबाईची भाची त्यात होती. कोंडाबाई जाऊन तिच्यापुरती जागा पुसून आली आणि मांडवात कुणाला बोलली नाही. मला बोलली. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः मांडवात आले आणि हात जोडून उभे राहिले. संपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं माइक घेतला आणि म्हणाल्या, आमच्या एकजुटीचा हा विजय.

टोप्या वाटल्या त्या त्याच दिवशी. फोटोवाले आले ते त्याच दिवशी. पुढचं मी वर लिहिलं आहे.

संप मिटला. वर काय बोलणी झाली आम्हाला कळलं नाही. समिती नेमणार, विचार करणार, असं काही सांगत होते. गुलाल उधळला, पेढे वाटले. संपातले दिवस रजेत धरायचं ठरलं. त्यांचे.

आम्ही सकाळी कामावर गेलो, तर फाटकात मुकादम. आत दुसऱ्याच बायका झाडत होत्या.

"सांगितलं व्हतं का न्हाई म्या?" मुकादम म्हणाला. "खेड्यायत पानी न्हाई, काम न्हाई. बाया हात जोडून उभ्या हायत. त्याबी कमी रोजावर."

आम्ही पाचजणी वॉर्डाकडं गेलो. सिस्टर वॉर्डात नव्हत्या, औषधाच्या खोलीसमोर उभ्या होत्या. आजूबाजूला दोन नर्सबाया, एक क्लार्क, पेशंटची माणसं. कोंडाबाईनं सगळं सांगितलं. म्हणाली, "डॉक्टरसायबाला एक शबूद टाका, सिस्टर. तुमचं ऐकत्यात."

सिस्टरनं आधी क्लार्ककडं बघितलं. मग आमच्याकडं.

"तुम्हाला कामावर येऊ नका असं कोणी सांगितलं होतं? ठेकेदाराचा आणि तुमचा मामला आहे तो. आम्ही कसं पडणार त्यात?"

एरवी त्या आमच्याशी आमच्यासारखं बोलायच्या. हे बोलणं कचेरीतलं होतं.

पाचही जणींनी लिंबाखाली त्यांचं बोलणं ऐकलं होतं. सिस्टर जायला निघाल्या, मग थांबल्या आणि माझ्या जवळ आल्या. हळू बोलल्या, अगदी मायेनं.

"मावशी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझ्या आईला सांभाळायला बाई पाहिजे. आता ती माझ्याकडंच असते. तिचं अंघोळपांघोळ, घरातलं धुणंभांडं. तुम्हाला मी परकी समजत नाही. उद्यापासून या."

माझी चूल बंद पडायची वेळ होती. घरात मालकांच्या गोळ्या संपलेल्या. हो म्हटलं असतं तर उद्यापासून हातात काम होतं. आणि त्या खरंच मायेनं बोलत होत्या, त्याचंच मला जास्त लागलं. मांडवात मी ठेकेदाराची. घरात मी परकी नाही. त्यांच्या आईला पेन्शन मिळते, तिला मी अंघोळ घालायची. माझ्या म्हातारपणाचं मात्र नाव काढायचं नाही.

सगळे बघत होते. माझा आवाज बसायला लागला होता. तरी आला.

"येत न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"तुमच्या घरी येत न्हाई, सिस्टर. आन् लिंबाखाली तुमीच सांगितलं. तुमच्याशिवाय आमचा संप दिसायचा न्हाई, असं म्हणलात. आता आमी दिसत न्हाई व्हय तुमाला?"

एवढंच बोलले. जन्मात एवढ्या माणसांत एवढं बोलले नव्हते. क्लार्क खाली बघत होता. सिस्टरचा चेहरा लाल झाला आणि त्या औषधाच्या खोलीत गेल्या. मला बरं वाटलं नाही. जिंकल्यासारखं तर मुळीच नाही. ज्या बाईचा हात मी इतकी वर्षं धरला, तिचा हात सुटला होता.

बाहेर आलो तर कोंडाबाई पेटलेली. तिला त्या नव्या बायकांची झिंज्या धरून खरडपट्टी काढायची होती. त्या टँकरजवळ बादल्या घेऊन उभ्या होत्या, आम्हाला बघून एकीच्या मागं एक सरकल्या. त्यातल्या एकीची बोली माझ्या माहेरची. पायाला चप्पल नव्हती. मी तिला विचारलं, "कवापर्यंत म्हणलेत तुमाला?"

"ठेका हाय तवर," ती म्हणाली.

"आमाला बी तसंच म्हणले व्हते."

कोंडाबाई जरा वेळानं खाली बसली. मग त्याही बसल्या. टँकरच्या सावलीत आम्ही जुन्या आणि नव्या मिळून बसलो. आम्हाला भांडायला लावून मुकादम फाटकात निवांत तंबाखू मळत होता. ते सगळ्यांना दिसत होतं.

आता मी दाळमिलमध्ये रोजानं चाळणीवर जाते, जिथं मालकांचे गुडघे गेले तिथंच. तिथल्या बायका अजून म्हणतात, सरकारी लोकांची पेन्शन बंद करा. मी आता गप्प बसत नाही. हळू बोलते, पण बोलते. म्हणते, त्यांची बंद करून आपल्या ताटात काय पडणार? आपली मागा. काही हसतात. काही चाळणी थांबवून ऐकतात.

सिस्टरला जुनी पेन्शन मिळावी, असं मला आजही वाटतं. तिच्या मांडवात मात्र मी पुन्हा जाणार नाही. तिच्यासारखे पुन्हा झाडू ठेवा म्हणायला येतील. येणारच, कारण आम्ही थांबल्याशिवाय त्यांचं काही थांबत नाही. तेव्हा मी आधी विचारणार, मागण्यांत आमची मागणी कितवी आहे? नसेल तर आमचा झाडू चालू राहील. आणि दया म्हणून दिलेलं काम मी घेणार नाही, कितीही मायेनं दिलं तरी.

सोमवारी कोंडाबाई, मी आणि त्या नव्या बायकांतल्या दोघी लातूरला कामगारांच्या कचेरीत जाणार आहोत. मालक म्हणाले, कुणी उभं करणार नाही. नाही केलं तर दारात बसू. इतकी वर्षं झाडलं ते कुणाच्या नावावर गेलं, हे विचारायचं आहे. बोलायचं मी आहे. बाकीच्यांनी तसं ठरवलं आणि मी नाही म्हटलं नाही.

मला पेन्शन पाहिजे. हे वाक्य मी आजवर कुणापुढं मोठ्यानं म्हटलेलं नाही. सोमवारी म्हणणार आहे. आवाज बसला तर पुन्हा म्हणणार आहे.