माझ्या वाट्याचा आठवडा

आमच्या चर्चच्या मंडळीत चूल पेटवताना एक मूठ धान्य देवाच्या नावानं बाजूला काढायची रीत आहे. रविवारी उपासनेला येताना प्रत्येक घर ते पिशवीत घालून आणतं. एरवी त्यातून चर्चची डागडुजी व्हायची. त्या वर्षी मात्र ते सगळं एका पत्र्याच्या डब्यात जाऊ लागलं, आणि तो डबा दोन लेकरांबरोबर घरोघर फिरू लागला.

लेकरांचा बाप ढोकी गावाच्या बाजूला वाळूचा टिपर चालवायचा. वाळूवरून दोन टोळ्यांची जुंपली आणि त्याला घरासमोरच मारून टाकलं. आई आधीच आजारपणात गेलेली. मोठ्या मुलीनं मारणाऱ्यांची तोंडं पाहिली होती, पोलिसांना तसं सांगितलंही होतं. काही पकडले गेले. उरलेले जीपमधून उजळ माथ्यानं हिंडत होते. नातेवाइकांनी हात वर केले.

"लेकरं कुणाकडं ऱ्हातील?" असं चर्चच्या पाळकांनी उपासनेनंतर विचारलं, तेव्हा सगळी मंडळी बायबलात डोकं खुपसून बसली. मीही. शेवटी एकीनं तोडगा काढला, आठवडे वाटून घेऊ. म्हणजे कुणा एकाच घरावर त्या लोकांचा डोळा राहणार नाही. आम्हाला आमच्या हुशारीचं काय कौतुक वाटलं! तेव्हापासून दर रविवारी चर्चच्या पायरीवर लेकरं, त्यांची पिशवी आणि डबा असं सगळं पुढच्या घराच्या हवाली होऊ लागलं.

मी निवृत्त नर्स. नवरा गेला, मुलगा पुण्यात. तो फोनवर "जेवलीस का?" विचारतो आणि मी "हो" म्हणते, जेवलेली असो वा नसो. माझ्या वाट्याच्या आठवड्यात मात्र टोपल्यात भाकरीची चवड दिसायची. धाकटा दारामागं लपून "भ्यॉ" करायचा, मी मुद्दाम दचकायची. मुलगी पाहुण्यासारखी राही. प्यायला पाणीसुद्धा विचारून घ्यायची. कपडे धुऊन, घडी घालून पुन्हा पिशवीत. मी भिंतीला खिळे ठोकले आणि म्हटलं, "इथं अडकव की गं."

"कशाला, आजी? रविवारी परत काढायचंच हाय."

मला ते फार लागलं. लेकरं गेली की मला घर खायला उठायचं, आणि तिला मात्र कुठलंच घर घर वाटत नव्हतं. पुढच्या खेपेला लेकरं कायमची ठेवून घ्यायची, असं मी ठरवून टाकलं.

ती खेप आली. एका दुपारी फाटकासमोर जीप थांबली. कुणी उतरलं नाही, इंजिन चालूच. मी लेकरांना स्वयंपाकघरात ढकललं आणि पुढच्या दाराची कडी धरून, दाराला पाठ लावून उभी राहिले. जन्मभर इंजेक्शनं देताना कधी हलले नव्हते ते हात असे थरथरत होते की कडी वाजत होती. थोड्या वेळानं जीप निघून गेली. मुलगी माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. माझ्या घरात पहिल्यांदाच तिनं न विचारता माठाला हात लावला होता.

रविवारी पायरीवर मी पाळकांना सगळ्यांसमोर म्हणाले, "आता हा डबा फिरवू नका. लेकरं माझ्याकडंच राहतील." धाकट्यानं उडीच मारली. मुलीनं माझा पदर ओढून मला बाजूला नेलं.

"नको, आजी. तुमी लई भेता."

"कोण म्हणतं?"

"म्या दाराआडून बघितलं की. आमी तुमच्याकडंच ऱ्हायलो तर ती मानसं तुमच्याकडंच येतील."

मला एवढंच म्हणायचं होतं की मी भीत नाही. पण ती माझ्या हातांकडं बघत होती. मी ते पदराखाली घेतले. तिनं डबा उचलला, भावाचं मनगट धरलं आणि पुढच्या घरची बाई उभी होती तिकडं ती चालत गेली.