ओल्या रंगाचं फाटक

लिही. तुझे आजोबा वेल्डर होते, एवढं तुला ठाऊक आहे. पण लोकांच्या घरच्या पोहायच्या हौदाला कुंपण घालावं तर त्यांनीच. गज सगळे उभे. आडवा गज म्हणजे पोराला शिडीच, म्हणायचे. दोन गजांमध्ये स्वतःची मूठ घालून बघायचे. आत गेली की गज काढून परत लावायचे. कडी उंच, आणि फाटकाला अशी स्प्रिंग की हात सोडला की आपोआप बंद. कुंपणाला लागून कुणी कुंडी ठेवली तर मालकालाच झापायचे, "उचला ती! नातवंडांना पायरी करून देताय का?"

असा माणूस, आणि चुकला कुठे, तर रंगात.

एका बंगल्यातलं काम संपत आलं होतं. हौद भरलेला. ह्यांनी फाटकाला तेलरंग दिला. ओलं फाटक मिटलं तर चौकटीला चिकटतं, रंग सोलून निघतो. म्हणून सगळे कारागीर करतात तसं ह्यांनी ते तारेनं बांधून उघडं ठेवलं, आणि बंगल्यामागे रॉकेलनं हात पुसायला गेले. हात पुसायला असा किती वेळ लागतो?

परत आले तर पाण्यावर लाल फ्रॉक. मालकाची तीन वर्षांची नात. ह्यांनी कपड्यांनिशी उडी घेतली, तिला काढलं, तोंडानं श्वास दिला. पोर रडली. सगळे तिला घेऊन दवाखान्यात पळाले. मागे हे एकटेच. तार सोडली आणि खिशात घातली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. फाटक आपोआप मिटलं आणि चिकटलं.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तर मालक दारात. डोळ्यांत पाणी. "देवासारखे धावलात हो!" जाता जाता म्हणाले, "तुमचं फाटक तर आपोआप मिटतं. पोरीला सांभाळणाऱ्या बाईनंच ते उघडून तिला आत सोडलं. उद्या तिला पोलिसांतच देतो."

मालक गेले तसा ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. तार काढून ताटाशेजारी ठेवली, सगळं सांगितलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय गं."

मी काय म्हणाले, तेही लिही. म्हणाले, "अहो, पोर वाचली ना? मग गप्प बसा. आपल्याला दोन लेकरं आहेत."

"आणि तिला नाहीत?" एवढंच बोलले आणि ताटावरून उठले.

सकाळी तार घेऊन गेले. तिथे काय झालं ते सांगितलं नाही. गालावर उठलेली बोटं मात्र मी पाहिली. बाईचं काम टिकलं. फाटक उतरवून घरी आणलं, बंगल्यात फाटकाच्या मोकळ्या जागेत जाळी पक्की ठोकून आले. अंगणात रंगवलं, वाळल्यावरच नेऊन बसवलं. पुढे मरेपर्यंत तीच रीत. बसवलेल्या फाटकाला परत कधी ब्रश लावला नाही.

वर्षभरानं ती बाई मला बाजारात भेटली. ती पोर तिचं बोट धरून उभी. बाईनं माझा हात हातात घेतला. "ताई, तुम्हीच पाठवलंत ना त्यांना? घरच्या बाईनं धीर दिल्याशिवाय पुरुष असं नाही करत."

मी म्हणाले, "हो."

तुझ्या आजोबांनाही हे कधी सांगितलं नाही मी. लिहिलंस? राहू दे तसंच. खोडू नकोस.