टाकीला हात

प्रियांकाबाई धावण्यातल्या राज्यविजेत्या. आता ताडकळसच्या शाळेत खेळ शिकवतात, पण चाल अजून तीच. बाजारात त्यांच्यासोबत निघालेल्या माणसाला पिशवी सांभाळत, धापा टाकत मागे यावं लागतं. बोलण्यातही आडपडदा नाही. यंदा स्पर्धेच्या आधीच त्यांनी भर बाजारात छातीठोकपणे सांगून टाकलं, की जिल्ह्यात शंभर मीटरला आमची ईश्वरीच पहिली येणार. आता पोरगी हरली असती तर बाईंना दर बाजाराला टोमणे खावे लागले असते.

ईश्वरी आठवीतली. सुटायची वाऱ्यासारखी, पण रेषा जवळ आली की पाय आखडायचे आणि मागची पोर पुढे निघून जायची. दम पुरत नाही, असं सगळे म्हणायचे. बाईंना मात्र खरं दुखणं ठाऊक होतं, कारण ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. गावाकडची शर्यत रेषेवर संपतच नाही. त्यांच्या लहानपणी पेडगावात देवळाच्या पाराला हात लावला की जिंकलं; इथल्या पोरी शाळेतल्या पाण्याच्या टाकीला हात लावतात. भरधाव जाऊन आदळलं तर तोंड फुटेल, म्हणून अंग आपोआप आधीच सावरतं. पहिल्या राज्यस्पर्धेत सगळ्यांच्या पुढे असताना बाई अशाच सावरल्या, हात पुढे केला, आणि समोर पार नव्हताच! हातातलं पदक गेलं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पुढच्या वर्षी सुवर्ण घेतलं, तेव्हा कुठे जीव थंड झाला.

ईश्वरीला समजावून झालं, रागावून झालं. डोक्याला पटलं, पायांना पटेना. शेवटी एका सकाळी बाई स्वतःच फक्कीच्या रेषेपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या अंगावर ये. थांबायचं न्हाई."

"बाई, तुमाला लागंल की."

"लागू दे. तू थांबलीस तर मला लय लागंल."

सुरुवातीला पोरगी लाजली, मग तिला गंमत वाटू लागली. शनिवारपर्यंत बाईंची कोपरं सोलून निघाली होती. मुख्याध्यापक काळजीत होते आणि बाई खुशीत.

परभणीच्या मैदानावर पंचांनी त्यांना रेषेपासून बरंच मागे व्हायला लावलं. त्या निमूट मागे सरकल्या, पण धावपट्टीच्या सरळ रेषेतच उभ्या राहिल्या. इशारा झाला. ईश्वरी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. रेषा जवळ आली तसे तिचे खांदे किंचित वर आले; अंग सावरू पाहत होतं. बाईंनी दोन्ही हात पसरले. पोरीनं ते पाहिलं आणि मान खाली घालून ती आलीच. रेषा ओलांडून, पंचांना चुकवून, थेट बाईंच्या अंगावर. दोघी मातीत आडव्या झाल्या.

"बाई, लागलं का वो?"

"ते सोड. रेषा कुठं हाय बघ."

ईश्वरीनं मागे वळून पाहिलं. रेषा कितीतरी मागे राहिली होती, आणि तिथे बाकीच्या पोरी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभ्या होत्या.