कान न खाजवणारा जोडीदार

आमच्या ओसरीवर दुपारी मेंढीकोट बसतं, हे तेलंगणातल्या इचोडा गावात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा जोडीदार रिटायर ड्रायव्हर, तेलुगू माणूस. त्याला मराठी धड येत नाही, माझी तेलुगू बाजारापुरती. पण पत्ते हाती आले की आमचं बोलणं कानामिशीनं चालतं. मी कान खाजवला की हुकमाचा एक्का माझ्याकडे. मिशीला हात लावला की दस्सी, म्हणजे दहाचं पान, बिनधास्त टाक, हात आपलाच. याला कोणी चोरी म्हणत असेल तर त्यानं दुसरीकडे खेळावं. समोरची जोडीही खुणा करते. त्यांच्या खुणा भिकार आहेत, त्याला मी काय करू?

सून आदिलाबादची, शिकलेली. नोकरीसाठी लॅपटॉपवर कोडिंग शिकत होती आणि सरावासाठी त्यावर मेंढीकोटचाच खेळ बनवत होती. एक दिवस चहा ठेवता ठेवता सगळ्यांसमोर म्हणाली, "मामाजी, खुणा सोडून एक डाव जिंकून दाखवा. माझ्या खेळात."

तिघं खो खो हसले. मी म्हणालो, "तुझ्या डब्याले हरवल्याबिगर या ओसरीवर पत्त्याले हात लावणार नाही."

तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पत्त्याचा एक साचा, त्याला ती क्लास म्हणे, त्यातून अख्खा कॅट काढलेला. खेळाडूचाही साचा एकच, त्यातून चार गडी.

"चार माणसं एका साच्यातली? आमी का विटा हाओत?"

"साचा एक, मामाजी. पत्ते ज्याचे त्याच्याजवळ. दुसऱ्याले दिसत नाहीत."

एक गडी मी, बाकी तिघं यंत्राचे. समोर यंत्राचा जोडीदार. एक्का आला तसा मी सवयीनं कान खाजवला. पुन्हा खाजवला. त्या मुडद्यानं माझ्याच हातावर हुकूम मारला.

सून म्हणाली, "त्याले मी डोळे नाही दिले."

चारही दस्स्या समोरच्या जोडीनं नेल्या. कोट बसला, तोही माझ्या ओसरीवर.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागेवर पानठेलेवाला बसू लागला. त्याला उतारीची अक्कल नाही. ड्रायव्हर त्याच्यासमोर मिशी चोळून चोळून थकला, तो विचारतो, "काय झालं, दुखून राह्यलं काय?" मी आतल्या खाटेवरून ऐकत होतो. बोललेला शब्द फिरवणं माझ्या रक्तात नाही.

मग मी सुनेला म्हणालो, "तो साचा दाखव."

"काऊन? मोडता?"

"दाखव म्हणलं ना."

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं ओळखायला त्रास पडला. एका बोटानं ठोकत बसलो. तिचं शिकवणं म्हणजे सासऱ्यावर सूड उगवणं. कंस राहिला की, "मामाजी, कंस!" जागा सुटली की, "मामाजी, जागा!" नावं मराठीत चालतात म्हणाली, तेवढं एक बरं बोलली. साचा मी मोडला नाही. तिच्या खेळाडूपासून माझा वेगळा खेळाडू काढला. जुन्याला येतं ते सगळं त्याला आपोआप येतं, वर कान खाजवता येतो. खूण फक्त जोडीदाराला दिसते.

तिनं वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "ही चोरी आहे. असं कोणी खेळते काय?"

"तुझा गडी आंधळा होता, त्याले तू खेळाडू म्हणत होती."

तिनं लॅपटॉप ओढला. माझे दोन गडी तिच्या दोघांसमोर बसवून दिले, रागानं.

परवा माझ्या गड्यांनी तीन दस्स्या आणल्या; डाव माझा, पण मला कोटाची फेड कोटानंच करायची होती. चौथी तिच्याकडे गेली, कारण टाकू की नको हे माझ्या गड्याला कळेना. बाहेर पानठेलेवाला खिदळत होता. मी सुनेला हाक मारली.

"ये इकडं. मिशी शिकवायची राहिली."