फेकलेल्या फेऱ्या

सकाळी सातलाच कपडे अंगाला चिकटत होते. वारा नावालाही नव्हता. आभाळ मळक्या चादरीसारखं खाली लोंबत होतं, पण पडायचं मनावर घेत नव्हतं. आत्याने मशीनखोलीचं दार उघडलं आणि सवयीने आधी बादलीकडे बघितलं. काठोकाठ. म्हणजे आज दोन बादल्यांचा उकाडा. हवामानखातं काय सांगायचं ते सांगो, आत्याचं मोजमाप वेगळं. हवेत जेवढा दमटपणा, तेवढं एसीतून पाणी. एसीची नळी चार वर्षांपूर्वी तुंबली होती. तक्रार तिने त्याच दिवशी लिहून दिली होती आणि ती तक्रार अजून वाटेतच होती.

बादली मोरीत ओतली, परत लावली. मग एसीच्या जाळ्या काढून ब्रशने झाडल्या. जाळी तुंबली की कपाटं तापतात, कपाटं तापली की आतले कॉम्प्युटर आपोआप बंद पडतात, आणि दहा दिवस चाललेलं गणित अकराव्या दिवशी पाण्यात जातं. अशी चौदा काळी कपाटं त्या खोलीत पिठाच्या गिरणीसारखी घरघरत असत. सव्वीस वर्षं त्या घरघरीत बोलून आत्याचा आवाज असा चढला होता की घरी मीठ मागितलं तरी भांडण काढल्यासारखं वाटायचं.

संशोधन संस्थेत ती कुणाचीच आत्या नव्हती. तिच्या विभागाच्या प्रमुखांची, म्हणजे थोरल्या सरांची मुलगी लहानपणी एकदा सुटीत येऊन खोलीत बसली होती, तिने हाक मारली आणि तेच नाव चिकटलं. वयाने मोठे असलेले संचालकसुद्धा आत्याच म्हणत.

ती आली होती आकडे टंकायला. काम रेणूंचं. एखादा रेणू कुठल्या आकारात स्वस्थ बसतो हे गणिताने शोधायचं. कमीत कमी ऊर्जा लागेल तो त्याचा खरा आकार. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं, "सर, हे यंत्र नक्की करतं काय?" थोरले सर सांगायला कंटाळणारे नव्हते.

"असं समजा, डोळे बांधलेला माणूस डोंगरावर सोडलाय. त्याला एवढंच कळतं की पायाखाली उतार कुठल्या अंगाला आहे. तो उतरत जातो. खड्डा लागला की थांबतो आणि म्हणतो, पोचलो. पण तो नुसता खड्डाच. खरी दरी पलीकडे राहते."

"मग सोडतानाच त्याला दरीच्या काठावर सोडावं की."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "काठ कुठे आहे ते कुणाला माहीत?"

तिलाही माहीत नव्हतं. पण तिचा नवरा मोटारी गुंडाळायचा. जळालेली मोटार उघडायची, आतली तार काढून नवी भरायची, हा त्याचा धंदा. त्याच्याकडून तिने तांब्याची तार आणली आणि रेणूच्या जोडणीप्रमाणे वळवून बघितली. तार हातात फिरवली की कुठे अडते, कुठलं टोक कुठल्याला ढुशी देतं, हे बोटांना कळायचं. मग कोन मोजायचे, मुलाच्या जुन्या पाटीवर खडूने लिहायचे, यंत्राला द्यायचे. यंत्र तिथून उतरायला लागायचं. पहिली फेरी बहुतेक वेळा खड्ड्यात जायची, दुसरीही. कुठे पडलं ते बघून आत्या तार थोडी उलगडायची, पुन्हा वळवायची. पाचव्या-सातव्या फेरीला दरी लागायची. सर म्हणायचे, "आत्या, तुमच्या बोटांना चष्मा लावलाय कुणी?"

एका लांब साखळीच्या रेणूने मात्र नऊ वर्षं दमवलं. बेचाळिसाव्या फेरीला तो सापडला. त्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "याचा लेख निघेल तेव्हा आत्याचं नाव त्यात असेल." आत्याने घरी सांगितलं. नवऱ्याने दुकानातल्या भिंतीत एक खिळा ठोकला. छापलेलं पान काच लावून तिथे टांगायचं. खिळा ठोकल्यावर वर्षाच्या आत सर गेले.

आत्याची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण घात त्या सवयीनेच केला. डिस्क सारखी भरायची. सर म्हणायचे, "खड्ड्यात पडलेल्या फेऱ्या ठेवून करायचंय काय? जागा खातात नुसत्या." म्हणून दर शनिवारी आत्या साफसफाईला बसायची. जमलेली फेरी ठेवायची, फसलेल्या काढून टाकायच्या. पाटी ओल्या फडक्याने पुसायची, तार सरळ करून पुढच्या रेणूला घ्यायची. उष्टं भांडं रात्रभर ठेवणारी बाई ती नव्हती. हाताखालच्या डिस्कमध्ये फसलेल्या फेऱ्यांचा कण सापडला नसता.

सरांच्या जागी मॅडम आल्या. पस्तिशीच्या, हुशार, आणि स्वभावाने वाईट म्हणता येणार नाहीत. चहा आणताना दोन कप आणायच्या, एक आत्यासाठी. त्यांनी असा प्रोग्राम बनवला की तो जुन्या फेऱ्या वाचून सुरुवातीचे कोन स्वतःच सुचवायचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पहिल्यांदा स्क्रीनवर ते कोन बघून आत्याच्या अंगावर काटा आला.

"अगं बाई, हे तर माझ्यासारखंच वळवतंय."

"तुमच्याच फेऱ्यांवर शिकलंय, आत्या. चारशे बारा फेऱ्या वाचल्यात त्याने."

भाच्याच्या तोंडावर आपलं नाक दिसावं तसं आत्याला वाटलं. महिनाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होती.

आणि मग लांब साखळीचा लेख लिहून झाला. आत्याच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मॅडमच्या टेबलावरच्या कच्च्या प्रतीत पाच नावं होती. आत्याने दोनदा मोजली. पाचच.

"मॅडम, यादीत एक नाव राहिलंय."

"कुणाचं?"

"माझं."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "आत्या, आभारात आहे ना तुमचा उल्लेख. शेवटचं पान बघा."

शेवटच्या पानावर होतं: मशीनखोलीच्या देखभालीसाठी तांत्रिक कर्मचारी आणि अखंड वीजपुरवठ्यासाठी विद्युत विभाग यांचे आभार.

"यात मी कुठे आहे?"

"तांत्रिक कर्मचारी म्हणजे तुम्हीच की."

"बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी स्वतःला वीज समजले असते."

मॅडम ओशाळल्या. "हे बघा, मला नाही म्हणायचं नाहीये. सरांनी शब्द दिला होता हे मला माहीत आहे. पण आता प्रत्येक नावापुढे त्या माणसाने काय केलं ते लिहावं लागतं, आणि मासिकवाल्यांनी विचारलं तर नोंद दाखवावी लागते. सुरुवातीचे कोन तुम्ही लावलेत, तसं लिहू आपण. फक्त त्याने फरक पडला हे दिसायला हवं. आधी किती वेळा फसलं, मग कसं जमलं. एवढं शुक्रवारपर्यंत काढून द्या."

"एवढंच ना?" आत्या म्हणाली. एक्केचाळीस वेळा फसलं होतं. तिला एकेक फेरी पाठ होती.

ती खुर्ची ओढून बसली. लांब साखळीचं फोल्डर उघडलं. आत एकच फेरी. बेचाळिसावी, पण तिच्यावर बेचाळीस असं कुठे लिहिलेलं नव्हतं. आत्याने शेजारचं फोल्डर उघडलं. एकच फेरी. त्याच्या शेजारचं उघडलं, मग त्याच्या पुढचं. चारशे बारा फोल्डर आणि चारशे बारा फेऱ्या, एकूण एक यशस्वी. बघणाऱ्याला वाटावं की हे यंत्र जन्मापासूनच इतकं शहाणं, की त्याचा पाय कधी घसरलाच नाही. मग त्याचा हात धरणारी बाई कुठून दिसणार?

ती पाटी हुडकायला उठली. पाटी कपाटामागे होती. स्वच्छ, काळीभोर.

शुक्रवारी मॅडम तिला घेऊन संचालकांकडे गेल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. संचालक भला माणूस, पण घाईत असलेला भला माणूस. सगळं ऐकून ते म्हणाले, "नोंदच नाही म्हटल्यावर मी काय करू?"

"एक करता येईल," मॅडम म्हणाल्या. "आत्याचे कोन न देता चाळीसेक फेऱ्या सोडून बघू. त्या फसल्या की झालं सिद्ध."

"वेळ किती?"

"एका फेरीला अकरा दिवस. सगळी कपाटं दिली तर एका वेळी पाच होतील. म्हणजे तीन महिने."

"तीन महिने चौदा कपाटं फक्त चुकायला द्यायची? बाहेर लोक रांग लावून बसलेत. आणि शोधायचं काय, तर आत्या नसत्या तर काय झालं असतं?" त्यांना आपलाच विचार आवडला. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं."

ते हसले. साहेब हसले की हाताखालच्यांनी जेवढं हसायचं तेवढं मॅडम हसल्या. आणि आत्याही हसली. पुढे कितीतरी दिवस तिला संचालकांचं वाक्य नाही, स्वतःचं ते हसू टोचत राहिलं.

"त्या चुका झाल्या होत्या, साहेब," ती दारातून म्हणाली. "चारशे रेणूंच्या सगळ्या चुका यंत्राने करून झाल्या होत्या. मीच आवरून ठेवल्या."

"आवरणं चांगलंच असतं, आत्या," संचालक म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

संध्याकाळी ती घरी न जाता थेट दुकानात गेली. नवरा एका पंपाची मोटार उघडून बसला होता. वार्निशाचा जळका वास सुटला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने काम न थांबवता ऐकलं.

"ती मॅडम म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी," तो म्हणाला.

"तिला नका बोलू. तिने मागितलं होतं, मला देता आलं नाही."

त्याने पक्कडीने जळालेल्या तारेचा गुंता बाहेर ओढला, काळा, कुरकुरीत, आणि एका पिशवीत भरला. पिशवीवर गिऱ्हाइकाची चिठ्ठी लावली.

"ही पिशवी मी मोटारीबरोबर देतो. का, माहीत आहे?"

"माहीत आहे. तीस वर्षं बघतेय."

"नवी तार चकचकीत असते. ती बघून गिऱ्हाइकाला वाटतं, मोटार चांगलीच तर होती, यानं केलं काय? म्हणून आधी जळकी तार हातात द्यायची. नेऊन भंगारात घाल म्हणावं, पण एकदा बघ. आमच्या उस्तादाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं." तो थांबला. "तू माझ्याकडून तार नेलीस, पण जळकीचं शिकली नाहीस."

"बोला, बोला. तुमचंच तेवढं राहिलं होतं."

"अगं, मी काय तुला..."

"नाही, खरंच आहे ते." ती स्टुलावर बसली. "सरसुद्धा म्हणायचे, जागा खातात. एकदाही माझ्या मनात आलं नाही की ती माझीच जागा होती."

त्याने मोटार बाजूला सारली. हात पुसले, चष्मा काढला, आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून भिंतीतल्या खिळ्याला अडकवला. अडकवल्यावर दोघांच्याही लक्षात आलं. त्याने तो तसाच राहू दिला.

सोमवारी लेख गेला. पाठवलेली प्रत मॅडमनी आपणहून तिला दाखवली. त्यात एक वाक्य होतं: सुरुवातीचे कोन पूर्वीच्या यशस्वी गणनांवरून स्वयंचलित पद्धतीने निवडले. आत्याने ते दोनदा वाचलं. लेखासाठी मॅडमनी तीच दरी प्रोग्रामच्या कोनांवरून पुन्हा काढून घेतली होती, त्यामुळे चूक काढावी असं त्यात काही नव्हतं. पूर्वीच्या गणना होत्या, यशस्वीही होत्या. त्या आपोआप आभाळातून पडल्या नव्हत्या एवढंच राहिलं होतं, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून कुणी खोटं बोललं असंही म्हणता येत नव्हतं.

"आत्या, आलाच आहात तर नव्या रेणूवर एक नजर टाका ना," मॅडम म्हणाल्या. "प्रोग्रामने कोन दिलेत. मला बरे वाटतायत."

स्क्रीनवर आकड्यांचा रकाना होता. आत्याचा हात आपोआप अ‍ॅप्रनच्या खिशातल्या तारेकडे गेला. न बघता तिने ती बोटांनी वळवली. एक वळण, दोन, तीन. सातव्याला टोक आत घुसलं आणि अडकलं. खड्डा. सरळसरळ खड्डा. बाहेरून गोजिरवाणा दिसणारा, यंत्र जिथे जाऊन पोचलो म्हणून बसून राहतं तसला. प्रोग्रामला तो दिसणार नव्हता. ज्याने चारशे बारा दऱ्या बघितल्या आणि खड्डा जन्मात एकही नाही, त्याला खड्डा कसा कळावा? तोही तिनेच आवरून ठेवला होता.

सातवं वळण उलगडा, एवढे तीनच शब्द सांगायचे होते. सव्वीस वर्षांत तिने यंत्राचा एक तास जाणूनबुजून वाया घालवला नव्हता.

"काय वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"ही फेरी फसली तर नोंद राहते ना?"

"राहते की."

"कुणी काढली नाही तर," आत्या म्हणाली. "चालू द्या."

मॅडमनी कळ दाबली. चौदा कपाटांची घरघर जराशी जड झाली. आत्याने खिशातल्या खिशात तार सरळ केली. तोंडाला कडू चव आली होती, आणि ती मॅडममुळे नव्हती.

"अकरा दिवसांनी कळेलच," मॅडम म्हणाल्या. मग जाता जाता वळल्या. "हो, आणि आत्या, डिस्क पुन्हा भरत आलीय. शनिवारी जरा आवराल ना?"

आत्याचे कान बादलीकडे लागले होते. कोपऱ्यात पाणी पडायचा आवाज बदलला होता. भांडं भरत आलं की थेंबाचा आवाज जाड होतो, तसा. ती गेली, बादलीची कडी धरली, दुसऱ्या हाताने पदर खोचला आणि वाटेत थेंबही न सांडता मोरीकडे निघाली.