रबरी सापावर नाचलेला रंगनाथ

आमच्या गावानं एका धडधाकट माणसाचा देव केला आन् त्याला कामातून घालवला. गाव चारठाण्याच्या अलीकडं. नाव सांगायची लाज वाटते.

माणूस म्हंजी रंगनाथ. त्याचा बाप व्यंकटराव नाटक कंपनीत पेटी वाजवायचा. कंपनी बुडाली तसा पोराला घेऊन कोल्हापूरला गेला. पोरगं गोरंगोमटं, डोळे टपोरे, म्हणून सिनेमात लागलं. पहिल्या सिनेमात बाळकृष्ण झालं आन् कालियाच्या डोक्यावर नाचलं. पुढच्यात राजाचं पोर, त्याच्या पुढच्यात अनाथ. मग मिसरूड फुटलं, आवाज घोगरा झाला. ज्यांनी खांद्यावर मिरवला त्यांनीच गर्दीत भाला देऊन उभा केला, आन् शेवटी तर स्टुडिओच्या फाटकावरचा गुरखाही आत सोडीना. बाप तिकडंच वारला. रंगनाथ गावाकडं आला आन् चुलत्याचं रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करायला लागला.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका साली चारठाण्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला, तो नेमका बाळकृष्णाचाच. गावच्या बायका गाड्या जुंपून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथच्या दारात रांग. कस्तुराबाई नावाच्या म्हातारीनं त्याच्या पायाच्या आंगठ्यावर तांब्याभर पाणी सोडलं, खाली ताटली धरली आन् ते पिली. रंगनाथ नुकताच गोठा झाडून आलेला, आंगठा शेणानं बरबटलेला. ते हिरवट पाणी तिनं नातवंडांच्या तोंडातही घातलं.

बाहत्तरच्या दुष्काळात रंगनाथ सरकारी कामावर खडी फोडायला गेला. बायकांनी हातोडा काढून घेतला, "देवा, तुमी सावलीत बसा." मुकादमानंही हात जोडले आन् हजेरीत नाव घेतलं न्हाई. मजुरी न्हाई, नुसते नारळ. रोज नारळ खाऊन माणसाला हगवण लागते, हे गावाला कोण सांगणार?

तिशी आली तरी लग्न न्हाई. देवाला लेक कोण देतो? शेवटी वालूरचे चंद्रभान तयार झाले. रोखठोक माणूस. म्हणाले, "सत्यशीला देतो. पण ही पाय धुवायची घाण बंद. माझी लेक लोकाला तुमच्या पायाचं पाणी वाटायला न्हाई येणार. पुन्यांदा देव झालात, तर सोयरीक मोडली समजा."

रंगनाथनं पारावर उभं राहून सांगितलं, "आजपासून जो माझ्या पायाला हात लावील, त्याला त्याच पायाची लाथ बसंल." लोक हसले, पण मागं सरले. सुपारी फुटली. गडी लय खुशीत, आंगणाला माती लावायलाय, नवी चूल घालायलाय.

लग्न तोंडावर आलं आन् कापूस वेचताना बायनाबाईला साप डसला. तिचा नवरा आश्रुबा. त्यानं चार माणसं लावून तिला बाजेवर घातलं. समोर सडक, जिंतूरची एस.टी. यायची वेळ, आन् ह्या शहाण्यांनी बाज आणली रंगनाथच्या आंगणात.

"इथं कशाला आणलं? सडकेला न्या!" रंगनाथ वरडला.

"देवा, एक डाव फुंका," आश्रुबा म्हणाला.

"आरं, सिनेमातला तो साप रबराचा होता! आत बांबू घालून दोघं जण हालवायचे!"

"खरा साप तुमाला भ्याला आसंल, म्हणून रबराचा आणला त्यांनी."

मागून कोणीतरी बोललं, "रिकाम्या हातानं आलाव म्हणून कोपलाय. नारळ आणा रे!" आन् दोघं खरंच दुकानाकडं पळाले. बाईच्या पापण्या मिटायल्यात, जबान जड झाली, तोंडातनं लाळ गळायलीय, आन् हे नारळ निवडायलेत!

रंगनाथनं आश्रुबाच्या मुस्कटात दिली. आश्रुबानं गालावरचा हात भक्तीनं कपाळाला लावला.

तेव्हा रंगनाथनं बाजेकडं बघितलं, नव्या चुलीकडं बघितलं, आन् घरात गेला. धोतराला घालायची नीळ पाण्यात कालवून त्यानं तोंडाला फासली. बाहेर आला तो सिनेमातल्या आवाजात बोलतच.

"आश्रुबा! विष आम्ही बांधून ठेविले आहे. हिला जिंतूरच्या दवाखान्यात ने. तिथल्या डाक्टरच्या सुईत आम्ही बसलो आहोत. वाटेत थांबशील तर भस्म होशील!"

बाज आशी उचलली की चौघांचे पाय भुईला लागले न्हाईत. निळं तोंड घेऊन रंगनाथ सडकेच्या मधोमध उभा राहिला. एस.टी.च्या डायवरनं करकचून ब्रेक दाबला आन् आधी नमस्कार केला, मग दार उघडलं. बाईसंगं रंगनाथही गाडीत चढला.

बायनाबाई वाचली. डाक्टरनं रात्रभर इंजेक्शनं दिली. सकाळी म्हणाले, "आणखी घंटाभर उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

"उशीर कसा व्हईल, सायेब? देवानं इख बांधलं होतं," आश्रुबा म्हणाला. डाक्टरला त्यानं साधा रामराम घातला न्हाई.

रंगनाथ जिंतूरहून परस्पर वालूरला गेला. कानामागं नीळ तशीच. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"बाई वाचली, लय चांगलं झालं," चंद्रभान म्हणाले. "पण आता तुमचं गाव तुमाला सोडायचं न्हाई. लेकीला देव्हाऱ्यात न्हाई ढकलायचं मला."

"मग मामा, काय करायला पाह्यजे होतं मी? मरू द्यायचं होतं तिला?"

चंद्रभाननी कपबशी पुढं सरकवली. "च्या घ्या."

रंगनाथनं च्या घेतला न्हाई.

तो आला तेव्हा गावाच्या शिवेवर हलगी वाजायलीती. बैलगाडी सजवून, ताटल्या-तांबे घेऊन सारं गाव उभं. पुढं आश्रुबा. रंगनाथनं सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आन् आईबहिणीवरून आशी घाण शिवी हासडली, की बैलांनीही कान टवकारले.

"बोलला! देव बोलला!" म्हणत गावानं ती शिवी हात जोडून घेतली.